मानेची कृत्रिम गादी



पावसाळ्याच्या आरंभीं एके दिवशीं एक शिक्षिकाबाई मला प्रकृति दाखविण्यास आल्या. वय बेचाळीस. उजवा हात त्यांनीं डोक्यावर ठेवलेला होता, आणि खुर्चीवर बसल्यानंतरहि तो त्यांनीं खालीं घेतला नाहीं. हात खालीं सोडला कीं खांद्यापासून अंगठ्यापर्यंत कळ जाते, वर धरला कीं ती जरा निवते, असें त्या म्हणाल्या. फळ्यावर लिहितांना खडू हातांतून निसटूं लागला होता. औषध, विश्रांति, व्यायाम यांत तीन महिने गेले होते. बरोबर त्यांचे यजमान होते, आणि यजमानांच्या हातांत तीन रंगीत माहितीपत्रकें होतीं. दुसऱ्या एका शस्त्रवैद्यांनीं मानेंतील गादी काढून तेथें कृत्रिम गादी बसविण्याचा सल्ला दिला होता. आतां प्रश्न उरला होता तो इतकाच कीं, तिहींपैकीं कोणती? यजमान बँकेंत हिशेब तपासणारे. त्यांनीं तिन्ही पत्रकें तपासून पाहिलीं होतीं. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, प्रत्येक पत्रकांत लिहिलें आहे कीं, आमचीच गादी निसर्गाच्या सर्वांत जवळची. मग निसर्ग तीन आहेत काय?”

हा प्रश्न मला फार आवडला. आजचें माझें भाषण म्हणजे त्या प्रश्नाला मीं त्या दिवशीं दिलेलें, पण आज अधिक सवडीनें मांडलेलें उत्तर होय.

प्रथम मूळची गादी कशी असते तें पाहूं. मानेंत सात मणके असतात. पहिल्या दोहोंमध्यें गादी नसते. तेथून खालीं मात्र प्रत्येक दोन मणक्यांमध्यें एक एक गादी असते. तिच्या मध्यभागीं पाण्यानें फुगलेला मऊ गर असतो आणि भोंवतीं चिवट तंतूंचीं कडीं असतात. एका कड्यांतील तंतु एका बाजूस तिरके, तर त्याच्या आंतल्या कड्यांतील विरुद्ध बाजूस तिरके. जुन्या बाजेची सुतळी ज्यांनीं जवळून पाहिली आहे त्यांना ही वीण सहज डोळ्यांपुढें आणतां येईल. अशा विणीमुळें गादी दबते, वळते, किंचित् सरकते, आणि तरीहि फार सैल होत नाहीं. तिच्या पाठीमागें मज्जारज्जु असतो, आणि दोहों बाजूंस हाताकडे जाणाऱ्या शिरा, म्हणजे मज्जातंतूंचीं मुळें असतात. वयोमानानें गर सुकतो, कडें फाटतें, आणि आंतील भाग मागें सरकून शिरेवर दाबला जातो. बाईंच्या मानेंत पांचव्या व सहाव्या मणक्यांमधील गादीनें हेंच केलें होतें. म्हणूनच कळ नेमकी अंगठ्यापर्यंत जात होती.

येथें एक गोष्ट सांगून ठेवतों. शीर दबून हात दुखणारे बहुसंख्य लोक कांहीं आठवड्यांत वा थोड्या महिन्यांत शस्त्रक्रियेवांचून बरे होतात. तेव्हां माझें आजचें भाषण ऐकून कोणीं घाईनें दवाखान्याची वाट धरूं नये. मात्र शर्टाचीं बटणें लावतांना बोटें चुकूं लागणें, चालतांना तोल जाणें, लघवीवरील ताबा सुटणें, हातांतील शक्ति दिवसेंदिवस कमी होणें, हीं लक्षणें वेगळीं. त्यांत मज्जारज्जूच दाबला जात असण्याचा संभव असतो, आणि तेथें वाट पाहणें योग्य नव्हे.

शस्त्रक्रिया करावयाची ठरली तर ती बहुधा मानेच्या पुढच्या बाजूनें करतात. ऐकणाऱ्याला हें विचित्र वाटतें. पण मज्जारज्जूला धक्का न लावतां गादीपर्यंत जाण्याचा तोच सोयीचा मार्ग आहे. श्वासनलिका व अन्ननलिका एका बाजूस हलकेंच सारून शस्त्रवैद्य मणक्यांपर्यंत पोंचतो, बिघडलेली गादी सबंध काढतो, आणि शिरेवरचा दाब दूर करतो. हातांतील कळ जाते ती या काढण्यामुळें. पुढें जें कांहीं त्या रिकाम्या जागेंत बसवावयाचें, त्याचा त्या कळेशीं फारच थोडा संबंध असतो. हें वाक्य आपण कृपा करून ध्यानांत ठेवावें, कारण सर्व माहितीपत्रकांत नेमकें हेंच वाक्य नसतें.

रिकाम्या जागेंत काय घालावें, याचें पहिलें उत्तर अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील रॉबिन्सन व स्मिथ यांनीं १९५५ सालीं दिलें. रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून त्यांनीं तो दोन मणक्यांमध्यें बसविला. कालांतरानें दोन मणक्यांचें मिळून एकच हाड झालें. १९५८ सालीं हवाई बेटांतील राल्फ क्लाउअर्ड यांनीं याच तत्त्वावर आपली निराळी पद्धति प्रसिद्ध केली. पुढें कमरेच्या हाडाऐवजीं पिंजऱ्यासारखे साचे आणि धातूच्या पट्ट्या आल्या, तरी मूळ कल्पना तीच राहिली: दोन मणके सांधून टाकावयाचे. मी स्वतः हेंच काम आयुष्यभर करीत आलों आहें, आणि त्याविषयीं वाईट बोलण्याचें मला कारण नाहीं. रुग्णाचा हात थांबतो, आणि मानेच्या सात मणक्यांतील एकच जोड बंद झाल्याचें त्याला बहुधा जाणवतहि नाहीं.

मग कृत्रिम गादीची गरज कोणाला व कां भासली? याचें उत्तर एका संख्येंत आहे. १९९९ सालीं हिलिब्रँड व त्यांचे सहकारी यांनीं मणके सांधलेल्या ३७४ रुग्णांचा दीर्घकाळचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सांधलेल्या जागेच्या शेजारच्या गादीमुळें नवें दुखणें उद्भवण्याचें प्रमाण वर्षाला सुमारें २.९ टक्के, आणि दहा वर्षांत सुमारें चौथाई रुग्णांना तें होईल असा त्यांचा अंदाज निघाला. तर्क सरळ होता: एक बिजागरी गंजून बसली म्हणजे शेजारच्या बिजागरीवर ताण पडणारच. परंतु याच वृत्तांतांत दुसरीहि एक गोष्ट होती, आणि ती फारशी कोणी सांगत नाहींत. ज्यांचे एकाहून अधिक जोड सांधले होते, त्यांच्यांत शेजारचें दुखणें एकच जोड सांधलेल्यांपेक्षां कमी आढळलें. ताणाचा तर्क पूर्ण खरा असता तर याच्या उलट दिसावयास हवें होतें. म्हणजे शेजारची गादी बिघडते ती कांहीं अंशीं तरी आपल्याच वयानें बिघडते. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. तथापि कृत्रिम गादीचा सर्व पसारा ‘शेजारी वांचवा’ या एका आशेवर उभा राहिला.

या आशेच्याहि आधींचा एक प्रयत्न आहे. १९६० नंतरच्या दशकांत स्वीडनमधील फर्न्स्ट्रॉम या शस्त्रवैद्यांनीं काढलेल्या गादीच्या जागीं पोलादाची गुळगुळीत गोळी ठेवली. यंत्राच्या चाकांत असते तशी. कल्पना साधी व सुंदर. पण मणक्याचें हाड आंतून सच्छिद्र असतें, आणि एवढा भार एका बिंदूवर आला कीं गोळी त्यांत रुतते. तसेंच झालें. त्यानंतर मानेपुरता हा विषय बरींच वर्षें मागें पडला.

तो पुन्हां वर काढला ब्रायन कमिन्स यांनीं. इंग्लंडांत ब्रिस्टलच्या फ्रेंचे रुग्णालयांत ते मेंदू व मज्जासंस्थेचे शस्त्रवैद्य होते. १९८९ च्या सुमारास त्यांनीं पोलादाचा एक सांधा तयार करविला: वरच्या भागाला गोळा, खालच्या भागाला वाटी, आणि दोन्ही भाग पुढून स्क्रूंनीं मणक्यांना जखडलेले. वीस रुग्णांचा अनुभव त्यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केला. कांहीं स्क्रू ढिले झाले वा मोडले, गिळतांना त्रास होऊं लागला, एकाच्या बाबतींत सांधा काढावा लागला. पण बहुतेकांच्या मानेंत तो हलत राहिला. मानेंत धातूचा सांधा टिकूं शकतो, एवढें त्यानें सिद्ध झालें.

आतां खऱ्या तुलनेकडे वळतों. त्यासाठीं आपण बसल्या जागीं एक करून पाहा. हनुवटी हलकेंच छातीकडे न्या, आणि पुन्हां वर आणा. आपणांस वाटतें, मान एखाद्या कडीसारखी वळली. प्रत्यक्षांत प्रत्येक वरचा मणका खालच्या मणक्यावर वळतो, आणि त्याच वेळीं थोडासा पुढें सरकतोहि. वळण्याचें केंद्र एके ठिकाणीं खिळलेलें नसतें. तें बहुधा खालच्या मणक्याच्या आंत, गादीच्याहि खालीं असतें, आणि हालचालीबरोबर जागा बदलतें. जात्याची वरची तळी खुंट्याभोंवतीं फिरते, खुंटा कांहीं हलत नाहीं. मान ही जातें नव्हे. कृत्रिम गादीच्या सर्व प्रकारांतील भेद या एका अडचणीला दिलेल्या निरनिराळ्या उत्तरांचा आहे.

पहिलें उत्तर असें: खुंटा ठेवूं, पण तो योग्य जागीं ठेवूं. फ्रान्समधील थिएरी मार्ने यांनीं कमरेसाठीं काढलेल्या नमुन्यावरून तयार झालेली प्रोडिस्क-सी ही गादी या जातीची. वर व खालीं कोबाल्ट-क्रोमियमच्या तबकड्या, खालच्या तबकडीवर पॉलिएथिलीनची घट्ट बसविलेली घुमटी, आणि तिच्यावर वरच्या तबकडीची खोलगट बाजू फिरते. फिरण्याचें केंद्र मुद्दाम खालच्या मणक्यांत येईल असें योजलेलें आहे. रचना भक्कम, वेडीवांकडी सरकणार नाहीं. पण खुंटा स्थिर असल्यामुळें ती बसविणाऱ्याला क्षमा नाहीं. गादी दोन-तीन मिलिमीटर पुढें बसली तर मानेला आपलें केंद्र सोडून गादीच्या केंद्राभोंवतीं फिरावें लागतें, आणि त्याची किंमत पाठीमागचे छोटे सांधे देतात.

दुसरें उत्तर कमिन्स यांच्याच सांध्यांतून निघालें. वाटीऐवजीं पन्हळ केली. गोळा आतां वळूंहि शकतो आणि पन्हळींतून पुढें-मागें सरकूंहि शकतो. हीच प्रेस्टीज या नांवाची गादी. आपल्या स्वयंपाकघरांतील कुकरशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. तिचा पोलादी प्रकार जुलै २००७ मध्यें अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें मान्य केला, आणि त्या देशांत मानेसाठीं मान्यता मिळालेली ती पहिली कृत्रिम गादी ठरली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत प्रोडिस्क-सीला मान्यता मिळाली. प्रेस्टीजचा पुढचा प्रकार, टायटॅनियम व सिरॅमिक यांच्या मिश्रणाचा आणि पुढील स्क्रूंवांचून बसणारा, २०१४ सालीं मान्य झाला. पन्हळीचा गुण तोच तिचा दोषहि: ती मानेला मोकळीक देते, म्हणजेच मानेला आवरून धरण्याचें काम मागील सांध्यांवर व बंधनांवर सोंपविते. तीं निकोप असलीं तर ठीक.

तिसरें उत्तर म्हणजे खुंटाच फिरता ठेवावयाचा. फ्रान्समध्यें २००४ पासून वापरांत आलेल्या मोबी-सी या गादींत पॉलिएथिलीनचा गाभा कोणत्याहि तबकडीला जोडलेला नाहीं. त्याची वरची बाजू घुमटासारखी, खालची सपाट. वरची तबकडी त्याच्यावर वळते आणि तो स्वतः खालच्या तबकडीवर मर्यादेंत सरकतो. मान आपलें केंद्र आपणच शोधते, निदान शोधावें अशी अपेक्षा आहे. २०१३ सालीं हिला एका जोडासाठीं व लगतच्या दोन जोडांसाठीं अशी दोन्ही मान्यता मिळाली. दोन जोडांसाठीं अमेरिकेंत मिळालेली ती पहिलीच.

चौथ्या उत्तरांत खुंटाच नाहीं. सिएटलचे मेंदूशस्त्रवैद्य व्हिन्सेंट ब्रायन यांनीं विचार केला कीं, मूळ गादी म्हणजे सांधा नव्हेच. ती एक उशी आहे, तर उशीच बनवावी. टायटॅनियमच्या दोन टरफलांमध्यें पॉलियुरेथेनचा लवचिक गाभा, भोंवतीं पातळ आवरण, आणि आंत वंगणासाठीं निर्जंतुक मिठाचें पाणी. मणक्यांच्या समोरासमोरच्या बाजू विशिष्ट हत्यारानें खोलगट कोरून त्यांत हीं टरफलें बसवितात. स्क्रू नाहींत, कीं दांते नाहींत. २००० सालापासून ती युरोपांत वापरली गेली आणि २००९ सालीं अमेरिकेंत मान्य झाली. कल्पनेच्या दृष्टीनें मला हीच रचना सर्वांत अधिक भावते. परंतु कोरीव काम वेळखाऊ, आणि जरा चुकलें तर मान पुढें झुकलेली राहते. कल्पना आणि हत्यार यांमधील अंतर शस्त्रवैद्याच्या मनगटाला कापावें लागतें.

उशीचीच कल्पना आणखी पुढें नेणारी एम-सिक्स नांवाची एक गादी होती. तिच्यांत मऊ गाभ्याभोंवतीं पॉलिएथिलीनच्या धाग्यांचीं वेष्टनें होतीं. म्हणजे निसर्गाच्या गरासारखा गर आणि कड्यासारखें कडें. कागदावर पाहावें तर हीच निसर्गाच्या सर्वांत जवळची. २०१९ च्या फेब्रुवारींत तिला अमेरिकेंत मान्यता मिळाली. परंतु कांहीं वर्षांनीं तिच्या भोंवतालचें हाड विरघळूं लागल्याचे, आणि ती काढून टाकावी लागल्याचे वृत्तांत वैद्यकीय मासिकांत येऊं लागले. आणि २०२५ मध्यें तिच्या उत्पादकांनीं ती बंद करीत असल्याचें जाहीर केलें. आमच्या यजमानांच्या प्रश्नाला याहून बोलकें उत्तर नाहीं. रचना निसर्गासारखी दिसणें एक, आणि ती शरीरांत निसर्गासारखी वागणें दुसरें. मूळ गादीचे तंतु जिवंत असतात. कृत्रिम धागा झिजतो, त्याचे कण हाडांत जातात, आणि शरीर त्यांच्याशीं झगडतांना स्वतःचेंच हाड खातें.

बसविण्याच्या रीतींविषयीं थोडेंच सांगतों. कांहीं गाद्यांच्या तबकड्यांवर बारीक दांते असतात, तर प्रोडिस्क-सीच्या तबकड्यांना उभें पातें असून त्यासाठीं मणक्यांत खांच पाडावी लागते. पात्यानें पकड चांगली मिळते. पण लगतच्या दोन जागीं अशा गाद्या घातल्या तर मधल्या मणक्याला वरून व खालून खांचा पडतात, आणि लहान चणीच्या माणसाचा मणका अशा वेळीं चिरल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. आपल्याकडील स्त्रियांचे मणके लहान असतात, तेव्हां हा मुद्दा आपणांस परका नाहीं. दुसरा मुद्दा चुंबकीय चित्राचा, म्हणजे एमआरआयचा. पोलाद व कोबाल्ट-क्रोमियम यांच्यामुळें चित्रांत मोठा काळा डाग पडतो, व नेमका शेजारचा भाग झांकला जातो. टायटॅनियमचा डाग पुष्कळच लहान असतो. २०२० सालीं मान्य झालेल्या सिम्प्लिफाय या गादींत तबकड्या एका कणखर प्लास्टिकच्या आणि गाभा सिरॅमिकचा केला आहे तो मुख्यतः याच कारणासाठीं. ज्या गादीचा उद्देशच शेजाऱ्याला जपणें हा, ती बसविल्यावर शेजारीच दिसेनासा व्हावा, ही मोठी मौज आहे.

आणि एक मौज याहूनहि मोठी. हलण्यासाठीं बसविलेल्या गादीच्या भोंवतीं कित्येकदां नवें हाड वाढतें. मॅकअफी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००३ सालीं त्याच्या शून्यापासून चारपर्यंत पायऱ्या ठरविल्या. चौथ्या पायरीला गादी पूर्ण जखडली जाते. म्हणजे एवढी खटपट करून शेवटीं मणके सांधलेच गेले. अशा रुग्णांपैकीं अनेकांना आपली गादी हलत नाहीं याचा पत्ताहि नसतो. हात बरा असतो, मान बरी असते. शस्त्रवैद्याला मात्र यांतून एक अडचणीचा प्रश्न पडतो: मग हालचाल टिकविण्याचा लाभ आपण मोजीत होतों तो नक्की कोणाचा?

आतां प्रयोगांकडे पाहूं. प्रत्येक गादीची परीक्षा अमेरिकेंत मोठ्या प्रमाणावर झाली आहे. प्रेस्टीजच्या प्रयोगांत ५४१ रुग्ण होते, ब्रायनच्या ४६३, प्रोडिस्क-सीच्या २०९, मोबी-सीच्या एका जोडाच्या प्रयोगांत २४५ आणि दोन जोडांच्या ३३०. या सर्वांचा निष्कर्ष असा कीं, योग्य निवडलेल्या रुग्णांत कृत्रिम गादी ही मणके सांधण्यापेक्षां कमी प्रतीची नाहीं. आणि दोन जोडांच्या बाबतींत मोबी-सी सरस ठरली, पुन्हां शस्त्रक्रिया करण्याचेंहि प्रमाण तिच्यांत कमी राहिलें. हा पुरावा मी हलका लेखीत नाहीं. पण श्रोत्यांनीं एक पाहावें. यांतील प्रत्येक गादी सांधण्याशीं तोलली गेली; गादी गादीशीं तोलली गेली नाहीं. एका प्रयोगांतील टक्के दुसऱ्या प्रयोगांतील टक्क्यांशेजारीं मांडून ‘ही श्रेष्ठ’ म्हणणें म्हणजे एका गांवच्या शर्यतींतील धांवणाऱ्याची दुसऱ्या गांवच्या शर्यतींतील धांवणाऱ्याशीं वेळेवरून तुलना करणें होय. रस्ते निराळे, घड्याळें निराळीं. माहितीपत्रकांत मात्र हेच टक्के मोठ्या अक्षरांत छापलेले असतात.

आणखी एक. या प्रयोगांचा खर्च गादी बनविणाऱ्यांनींच केला होता, आणि शस्त्रक्रियेनंतर आपल्या मानेंत काय आहे हें रुग्णाला ठाऊक असे. नव्या गादीच्या आशेनें नांव नोंदविलें आणि वांट्याला आलें जुनें सांधणें, अशा माणसाला आपली मान कशी वाटेल? हॉलंडमधील एका प्रयोगांत रुग्णांना हें कळूंच दिलें नाहीं. एका गटांत नुसती गादी काढली, दुसऱ्यांत काढून सांधलें, तिसऱ्यांत कृत्रिम गादी बसविली. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत दोन वर्षांनंतर तिन्ही गटांच्या प्रकृतींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं; शेजारच्या गादीच्या झिजेंतहि नाहीं. स्वीडनमधील १५३ रुग्णांच्या प्रयोगानेंहि २०१५ मध्यें दोन वर्षांपुरता असाच निर्वाळा दिला होता. दोन वर्षें हा काळ थोडा आहे हें खरें. पण या प्रयोगांत फरक आखडत गेला, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

तेव्हां बाईंच्या यजमानांना मीं सांगितलें तें असें. तीन पत्रकें क्षणभर बाजूला ठेवा, आणि प्रथम ही मान कृत्रिम गादीला योग्य आहे कीं नाहीं तें पाहूं. मागील छोटे सांधे झिजलेले असले, हाडें ठिसूळ असलीं, मणका आधींच ढळत असला, मागची बंधनें हाड होऊन कठीण झालीं असलीं, किंवा तक्रार हाताची नसून केवळ मान दुखण्याची असली, तर कोणतीच गादी घालूं नये. तेथें सांधणें बरें, किंवा कांहींच न करणें बरें. मान वांकवून काढलेल्या क्ष-किरण चित्रांत तो जोड मुळांत हलत आहे काय, हें पाहिलें पाहिजे; जो जोड वर्षानुवर्षें हललाच नाहीं त्यांत हलती गादी घालून काय साधणार? यानंतर मापाचा प्रश्न. जरा उंच गादी घातली म्हणजे शिरेला जागा अधिक मिळेल असा मोह नव्या शस्त्रवैद्याला होतो. पण तिनें मागील सांधे ताणले जातात आणि हालचाल उलट कमी होते. आणि शेवटीं, ती बसविणाऱ्या हातानें त्याच जातीच्या गाद्या यापूर्वीं किती बसविल्या आहेत, हें विचारण्यांत संकोच धरूं नये. सुताराला आपण विचारतोंच कीं.

बाईंचे मागील सांधे स्वच्छ होते, हाडें चांगलीं होतीं, आणि जोड हलत होता. त्या गादीला योग्य होत्या. खालच्या, म्हणजे सहाव्या व सातव्या मणक्यांमधील गादींत मात्र किंचित् फुगवटा दिसत होता. तो आज निरुपद्रवी होता, पण पुढें त्याच्यावर नजर ठेवावी लागणार होती. याच एका कारणावरून आमची निवड टायटॅनियमच्या गादीकडे झुकली, कारण तिच्या शेजारचें चित्र स्पष्ट येतें. तिच्या श्रेष्ठपणाविषयीं मीं त्यांना कांहींहि सांगितलें नाहीं.

सर्व ऐकून घेतल्यावर बाईंनीं एकच प्रश्न विचारला: “ही माझ्याबरोबर म्हातारी होईल ना?” याला माझ्यापाशीं पुरें उत्तर नव्हतें. ब्रायन आणि प्रेस्टीज या गाद्यांचे दहा वर्षांपर्यंतचे वृत्तांत चांगले आहेत. पण बेचाळीस वर्षांच्या स्त्रीला दहा वर्षें पुरत नाहींत. तिला चाळीस हवींत, आणि इतकीं वर्षें कोणत्याहि मानेंत यांपैकीं कोणतीहि गादी अजून राहिलेली नाहीं. सांधलेला मणका जन्मभर सांधलेलाच राहतो, हें मात्र आम्हांला ठाऊक आहे. दोन्ही बाजू मीं अशाच त्यांच्यापुढें ठेवल्या, खर्चाचा फरकहि सांगितला, आणि आठ दिवस विचार करण्यास सांगितलें. पांचव्या दिवशींच त्यांचा निरोप आला.

शस्त्रक्रिया श्रावणांत झाली. शुद्धीवर आल्यावर त्यांनीं पहिली गोष्ट केली ती ही कीं, उजवा हात खालीं, अंथरुणावर सोडून पाहिला. दिवाळीच्या सुटीनंतर त्या पुन्हां फळ्यावर लिहूं लागल्या. गादी हलते आहे कीं नाहीं हें मला दर वर्षीं क्ष-किरण चित्रांत पाहावयाचें आहे, आणि खालच्या फुगवट्याचें चित्र पुढील पावसाळ्यांत काढावयाचें ठरलें आहे.